पॅसिफिक तापला म्हणून टँकर मागवायचे का?

वाचकांचं टपाल, आणि सीवूड्सच्या एका निवृत्त कप्तानाची उत्तरं

मागच्या अंकात मालवाहू जहाजांवरच्या हवामान-नोंदींबद्दल लिहिताना एल निनोचा ओझरता उल्लेख केला होता. या महिन्याचं टपाल बहुतेक त्याच एका विषयाचं निघालं. ऐरोलीहून, ठाण्याहून, वाशीच्या बाजारातून, न्हावाशेव्याला फायली घेऊन धावणाऱ्यांकडूनसुद्धा. मी शास्त्रज्ञ नाही. माझी नोकरी बल्क कॅरियरवर, म्हणजे सुटा माल नेणाऱ्या जहाजांवर, गेली, त्यातला बराच काळ पॅसिफिकमध्ये. पाहिलेलं आणि नंतर वाचलेलं, दोन्ही मिळून उत्तरं देतो.

प्रश्न: कॅप्टनसाहेब, मी ऐरोलीतल्या एका सोसायटीची सेक्रेटरी आहे. मे महिना लागला की 'एल निनोचं सावट' अशा बातम्या सुरू होतात आणि कमिटीतले दोघं-तिघं लगेच म्हणतात, टँकरवाल्याशी आत्ताच करार करून टाका, नंतर भाव वाढतील. दक्षिण अमेरिकेकडचं पाणी गरम झालं तर आपल्या मोरबे धरणावर पाऊस कमी का पडावा? मध्ये अख्खं जग आहे.

उत्तर: सेक्रेटरीबाई, करार आत्ता करू नका. का, ते सांगायला थोडं लांबून यावं लागेल.

विषुववृत्तावर पॅसिफिक महासागर इंडोनेशियापासून इक्वेडोरपर्यंत सोळा-सतरा हजार किलोमीटर पसरलेला आहे. त्याच्यावरून वर्षाचा बहुतेक काळ वारे पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतात. उन्हाने तापलेलं वरचं पाणी हे वारे इंडोनेशियाच्या बाजूला लोटत राहतात, इतकं की तिकडची समुद्रपातळी पेरूच्या बाजूपेक्षा अर्धा मीटरभर उंच असते. पेरूकडे मग खालचं गार पाणी वर येतं. त्यामुळे पश्चिम टोकाला पाणी २९ अंशांच्या घरात आणि पूर्व टोकाला त्याहून पाच-सात अंशांनी गार, अशी नेहमीची स्थिती.

गरम पाण्यावरची हवा वर चढते, ढग पंधरा किलोमीटरच्याही वर जातात आणि धो धो पाऊस पडतो. वर गेलेली हवा कुठेतरी खाली यायलाच हवी. ती पूर्व पॅसिफिकवर उतरते, आणि उतरणारी हवा ढग होऊ देत नाही. पेरूचा किनारा म्हणूनच वाळवंट आहे. एका अंगाला महासागर, दुसऱ्या अंगाला कोरडी रेती. कोकणात वाढलेल्या माणसाला ते पचायला वेळ लागतो.

आता दोन ते सात वर्षांच्या अंतराने कधीतरी हे वारे ढिले पडतात. पश्चिमेला साचलेलं गरम पाणी पूर्वेकडे परत सरकतं. पृष्ठभागाखालून जाणारी त्याची लाट पॅसिफिक ओलांडायला दोन-तीन महिने घेते. पाण्यामागोमाग ढगही सरकतात आणि ढग सरकल्यावर वारे आणखी ढिले पडतात, म्हणजे एकदा सुरू झालेली गोष्ट स्वतःलाच रेटत जाते. हा एल निनो. उलट बाजूला, वारे नेहमीपेक्षा जोरात आणि पूर्वेचं पाणी नेहमीपेक्षा गार, ती ला निना.

तुमच्या कमिटीतला कोणी विचारेल, एक-दोन अंशांनी असं काय होणार? विचारूच द्या. शास्त्रज्ञ ज्या पट्ट्याकडे मुख्यतः बघतात तो १७० ते १२० अंश पश्चिम रेखांशांमधला, विषुववृत्ताच्या वर-खाली पाच-पाच अंशांचा. क्षेत्रफळाचा हिशेब केला तर साठ लाख चौरस किलोमीटरच्या वर जातो, म्हणजे भारताच्या जवळजवळ दुप्पट. या सगळ्या पट्ट्याचं सरासरी तापमान अर्ध्या अंशाने चढून काही महिने तसंच टिकलं की एल निनो म्हणतात. समुद्राच्या वरच्या अडीच-तीन मीटर पाण्यात जेवढी उष्णता मावते तेवढी त्याच्या डोक्यावरच्या सगळ्या वातावरणात मिळून मावते. शिवाय उंच ढग उभे राहायला पाणी साधारण २८ अंशांच्या आसपास किंवा वर असावं लागतं. हिंदी महासागराबद्दल हे सुलोचना गाडगीळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली दाखवून दिलं. म्हणजे २२चं २३ झालं तर आकाशात फारसं काही होत नाही, पण २७.५चं २८.५ झालं की कालपर्यंत कोरड्या असलेल्या जागी ढगांची भिंत उभी राहते.

आणि खरी ताकद आहे ती त्या पावसात. वाफेचं पाणी होताना प्रत्येक किलोमागे सुमारे २५ लाख जूल उष्णता वरच्या हवेत सुटते. एखाद्या भागात दिवसाला १० मिलिमीटर पाऊस पडत असेल तर प्रत्येक चौरस मीटरमागे जवळपास २९० वॅटची शेगडी रात्रंदिवस वर पेटलेली आहे असं समजा. ही शेगडी हजारो किलोमीटर पूर्वेला सरकली की हवा कुठे चढायची आणि कुठे उतरायची, या जागाच बदलतात. नेहमी इंडोनेशियाजवळ चढणारी हवा मध्य पॅसिफिकवर चढू लागते, आणि इंडोनेशिया ते भारत या पट्ट्यावर उतरत्या हवेचा दाब येतो. मोसमी पावसाला वर उठायचं असतं, त्याच वेळी वरून ही हवा दाबते. पॅसिफिकमधून ऐरोलीला काही वाहून येत नाही.

एवढं सगळं खरं असूनही मी करार नको म्हणतो, कारण ही हवा दाबते ती भारत आणि इंडोनेशिया एवढ्या मोठ्या मापाने. मोरबे तिच्या दृष्टीने ठिपकादेखील नाही. कोकणात पाऊस पडतो तो मुख्यतः अरबी समुद्रावरून आलेले वारे सह्याद्रीला धडकून वर चढतात म्हणून. हंगामात अडीच-तीन हजार मिलिमीटर पडणाऱ्या मुलखात पाव भाग कमी झाला तरी धरण भरायला पुरेसं पाणी येऊ शकतं. मराठवाड्यात जेमतेम सहाशे-सातशे मिलिमीटर. तिथे पाव भाग कमी म्हणजे जनावरं विकायची वेळ. एल निनोची बातमी ऐकून पोटात गोळा यायला हवा तो तिकडे.

२०२३चं उदाहरण बघा. जूनमध्ये एल निनो जाहीर झाला. मोसमी पाऊस मुंबईत पोचला तो २५ जूनला, म्हणजे दोन आठवडे उशिरा, आणि त्याच दिवशी दिल्लीतही. लोक म्हणाले, लागला एल निनो. त्याच जुलैत, १९ तारखेच्या रात्री, याच मोरबे धरणाजवळच्या इर्शाळगडाखाली दरड कोसळून इर्शाळवाडी गाडली गेली. कित्येक दिवस तिथे पाऊस कोसळत होता. नंतरचा ऑगस्ट देशभरात १९०१पासूनचा सर्वांत कोरडा ठरला. हंगामाची बेरीज देशात ९४ टक्के. एकाच एल निनोच्या वर्षात, एकाच धरणाच्या परिसरात, काय काय झालं ते तुमच्यासमोर आहे.

मार्च-एप्रिलमध्ये पॅसिफिकची स्थिती दोलायमान असते आणि त्या महिन्यांत केलेले अंदाज सगळ्यांत कच्चे निघतात, ही गोष्ट जगभरचे हवामानवाले जाणतात. हवामान खातं एप्रिलच्या मध्याला पहिला अंदाज देतं आणि मेअखेरीला तो सुधारतं. दुसरा वाचा. टँकरचं बोलणं ऑगस्टअखेरीस धरणाची पातळी बघून करा. आणि हो, गच्चीवरचं पावसाचं पाणी टाकीत घेण्याची पाइपलाइन तुंबलेली असेल तर ती मात्र आत्ताच साफ करून घ्या. त्याला पॅसिफिकची परवानगी लागत नाही.

प्रश्न: इतक्या मोठ्या समुद्राचं तापमान नेमकं मोजतं कोण? उपग्रह नव्हते तेव्हाचे आकडे कुठून आले? त्यांच्यावर विश्वास का ठेवायचा? (कळव्याचे एक निवृत्त अभियंते)

उत्तर: हा प्रश्न माझ्या आवडीचा. जुने आकडे बहुतांशी आमच्यासारख्यांनी बादलीने काढलेले आहेत.

स्वेच्छेने हवामान-नोंदी देणारी मालवाहू जहाजं जगभर असतात. ग्रिनिच वेळेनुसार ००, ०६, १२ आणि १८ वाजता ब्रिजवरचा ड्यूटी ऑफिसर वारा, दाब, ढग, लाटा आणि पाण्याचं तापमान नोंदवतो. पूर्वी पाण्यासाठी कॅनव्हासची बादली दोराने सोडायची. ती सोडायची जागासुद्धा ठरलेली: इंजिनाचं गरम पाणी जिथून बाहेर पडतं त्याच्या पुढच्या बाजूला, नाहीतर आपल्याच जहाजाचं सांडपाणी मोजून मोकळे. बादली वर आली की सावलीत ठेवून मिनिटभरात थर्मामीटर वाचायचा. उशीर केला की ओल्या कॅनव्हासवरून बाष्पीभवन होऊन पाणी गार होतं. आपल्या माठात होतं तेच. नोंद रेडिओ ऑफिसरकडे जायची आणि तो ती किनाऱ्यावर पाठवायचा. तरुण थर्ड मेट या कामाला वैतागायचे. जहाज डुलतंय, पहाटेची वेळ, आणि कुठल्या कोण शास्त्रज्ञासाठी बादली ओढायची!

पुढे बादली गेली आणि इंजिन थंड करायला आत घेतलेल्या समुद्राच्या पाण्याचा थर्मामीटर वाचायची पद्धत आली. ते पाणी काही मीटर खालून येतं आणि इंजिन रूममधून जाताना किंचित तापतं. म्हणून बादलीचा आकडा जरा कमी आणि इंजिनाचा जरा जास्त. फरक अंशाच्या काही दशांशांचाच, पण एल निनोची सीमाच अर्धा अंश असेल तर दशांश सोडून कसं चालेल? दुसऱ्या महायुद्धातली गंमत तुम्हाला आवडेल. रात्री डेकवर दिवा लावणं म्हणजे पाणबुडीला पत्ता देणं, त्यामुळे बादलीची मोजमापं कमी झाली आणि इंजिनाची वाढली. जगाच्या समुद्र-तापमानाच्या जुन्या आलेखात ती वर्षं उगाचच गरम दिसतात आणि १९४५नंतर आलेख एकदम खाली येतो. त्यातला मोठा भाग समुद्राचा नव्हे, मोजण्याच्या पद्धतीचा. हे लक्षात घेऊन आकडे आता दुरुस्त करतात. विश्वास ठेवायचा तो यासाठी, की चूक कुठून शिरली हे शोधणारी माणसं आहेत.

तरी १९८२-८३चा एल निनो, शतकातल्या मोठ्यांपैकी एक, सगळ्यांना चकवून आला. उपग्रह होते. पण त्या वर्षी मार्च-एप्रिलमध्ये मेक्सिकोतल्या एल चिचोन ज्वालामुखीने इतकी धूळ आणि वायू वर फेकले की उपग्रहांना समुद्र खरा होता त्यापेक्षा गार दिसू लागला. पाणी तापत होतं आणि पडद्यावर काही दिसत नव्हतं. त्या धड्यानंतर विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना, पॅसिफिकच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, सुमारे ७० तरंगती यंत्रं नांगरून ठेवली गेली. ते काम १९९४च्या अखेरीस पुरं झालं, म्हणजे १९९७च्या मोठ्या एल निनोच्या जेमतेम आधी. या यंत्रांचे सगळ्यांत मोठे शत्रू कोण? वादळं नव्हेत, मासेमारीच्या बोटी. तरंगत्या वस्तूखाली टूना गोळा होतात, म्हणून बोटी यंत्राला दोर बांधतात आणि जाताना ते तोडून-फोडून जातात.

आता तर आर्गो नावाचे सुमारे चार हजार तरंगक जगभरच्या समुद्रांत आहेत. दर दहा दिवसांनी ते २००० मीटर खोल जातात, वर येताना तापमान आणि क्षारता मोजतात आणि आकडे उपग्रहाकडे देतात. भारताचे तरंगक हैदराबादची 'इन्कॉइस' ही संस्था सांभाळते. पहाटे उठून कोणाला बादली ओढावी लागत नाही. बरं झालं.

प्रश्न: काका, मी दहावीत आहे, घोडबंदर रोडला राहतो. १९९७ला सर्वांत मोठा एल निनो होता पण भारतात पाऊस चांगला झाला असं वाचलं. आणि २००२ला एल निनो छोटा होता तरी दुष्काळ. मग सिद्धांत चुकीचा आहे का?

उत्तर: शाब्बास. हाच प्रश्न १९९७नंतर भल्याभल्यांनी विचारला.

आधी थोडा इतिहास. १९०४ साली गिल्बर्ट वॉकर नावाचा केंब्रिजचा गणिती भारताच्या हवामान खात्याचा प्रमुख झाला. त्याआधी १८७७ आणि १८९९ साली पाऊस बुडाला होता आणि लाखो माणसं दुष्काळात गेली होती. सरकारला पावसाचा अंदाज आधी हवा होता. वॉकरने जगभरच्या वेधशाळांचे आकडे मागवले आणि कारकुनांची फौज बसवून हाताने गणितं करून घेतली: कुठल्या दूरच्या ठिकाणच्या दाबाशी आपला पाऊस जुळतो? त्याला सापडलं की पॅसिफिकच्या बाजूला दाब वाढतो तेव्हा हिंदी महासागराच्या बाजूला कमी होतो, आणि उलट. पण हे का होतं ते त्याला सांगता आलं नाही, आणि लोकांनीही फारसं मनावर घेतलं नाही. समुद्राचं तापमान आणि वॉकरचा दाब या एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत हे याकोब ब्यर्कनेस याने १९६९ साली मांडलं, आणि पॅसिफिकवरच्या त्या हवेच्या चक्राला वॉकरचं नाव दिलं. म्हणजे या सगळ्या शोधाची सुरुवात भारताच्या पावसासाठी झाली, हे ध्यानात ठेव.

आता १९९७. आकडे असे आहेत: १९९७ला देशात सरासरीच्या १०२ टक्के पाऊस, २००२ला ८१ टक्के (जुलै तर जवळजवळ निम्माच), २००९ला ७८, आणि २०१५ला, जो एल निनो १९९७च्या तोडीचा होता, ८६. एल निनो जितका मोठा तितका दुष्काळ मोठा, असं सरळ प्रमाण यात कुठेच नाही.

एक कारण, पाणी नेमकं कुठे तापलं. १९९७ला सर्वाधिक ताप पार पूर्वेला, पेरूकडे होता. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या कृष्णकुमार यांनी परदेशी सहकाऱ्यांबरोबर २००६ साली दाखवलं की मध्य पॅसिफिक तापला तर आपल्यावर उतरणारी हवा जास्त जोरकस असते. २००२चा आकाराने लहान, पण जागा नेमकी वाईट.

दुसरं कारण आपल्याच समुद्रात आहे. हिंदी महासागराची आफ्रिकेकडची बाजू गरम आणि सुमात्राकडची गार, असं कधीकधी होतं. साजी, गोस्वामी, विनयचंद्रन आणि यामागाता यांनी १९९९ साली त्याचं वर्णन केलं. त्याला हिंदी महासागराचं द्विध्रुव म्हणतात. सुलोचना गाडगीळ यांनी याच भागातल्या ढग आणि वाऱ्यांकडे बघून, पॅसिफिक आणि हिंदी महासागर दोघांना एकत्र धरलं तर टोकाची वर्षं पुष्कळ नीट समजतात, असं दाखवलं. १९९७ला हे द्विध्रुव आपल्या बाजूने, म्हणजे आफ्रिकेकडे गरम आणि सुमात्राकडे गार, होतं. १९९४ आणि २०१९लाही होतं, आणि दोन्ही वर्षी पाऊस सरासरीपेक्षा दहा टक्क्यांच्या आसपास जास्त. त्याच २०१९ला ऑस्ट्रेलियात वणवे पेटले आणि पूर्व आफ्रिकेत पूर आले, टोळधाड वाढली. आपल्याला लाभलेला समुद्र त्यांना भोवला.

१९९८च्या सुरुवातीला आमचं जहाज पेरूच्या चिंबोटेला फिशमील भरायला गेलं होतं. तिथल्या गार पाण्यात अँकोव्हीचे थवे असतात आणि त्यांच्या भुकटीवर अख्खं गाव जगतं. गोदामं रिकामी, कारखान्यांची धुराडी बंद, पाणी एरवीपेक्षा कितीतरी गरम. आमचा चीफ इंजिनियर कूलरचे आकडे बघून चिडचिड करत होता. उत्तरेकडच्या सेचुराच्या वाळवंटात तर पावसाने एवढं मोठं तळं झालं होतं की ते काही काळ त्या देशातलं दुसऱ्या क्रमांकाचं सरोवर ठरलं. आणि घरून नेरुळहून आलेल्या पत्रात पावसाबद्दल तक्रारीचं अवाक्षर नव्हतं. सिद्धांत खोटा असता तर चिंबोटे तसं दिसलं नसतं. तो अपुरा होता. दुसरा समुद्र त्यात धरलेला नव्हता.

प्रश्न: माझी लेक सॅन होजेला असते. ती म्हणते, एल निनो आला की कॅलिफोर्नियात पूर. आपल्याकडे दुष्काळ आणि तिच्याकडे पूर, एकाच कारणाने कसं? (नौपाड्याच्या एक आजी)

उत्तर: आजी, ओढ्यात मोठा दगड टाकला की पाणी दगडापुढे बऱ्याच लांबपर्यंत हेलकावे खात जातं, तसं काहीसं. मघाशी ज्या ढगांच्या उष्णतेबद्दल लिहिलं, ती वरच्या हवेच्या प्रवाहात असे हेलकावे उठवते आणि ते कमान करून उत्तर अमेरिकेकडे जातात. त्यामुळे हिवाळी वादळांची वाट दक्षिणेकडे सरकते. १९९७-९८ला कॅलिफोर्नियात तसंच झालं. पण २०१५-१६ला तेवढाच मोठा एल निनो असून दक्षिण कॅलिफोर्नियात अपेक्षेपेक्षा कितीतरी कमी पाऊस पडला, आणि २०२२-२३ला ला निना असताना तिकडे पूर आले. लेकीला म्हणावं, छत्री दरवर्षी ठेव.

प्रश्न: २६ जुलै २००५ एल निनोमुळेच ना?

उत्तर: नाही. त्या जुलैत पॅसिफिक जवळजवळ नेहमीच्या तापमानावर होता. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर आणि कुलाब्याला ७३. पंचवीस किलोमीटरच्या आत एवढी तफावत पाडायची करामत पंधरा हजार किलोमीटरवरच्या समुद्राला जमणार नाही. पॅसिफिक हंगामाचा कल बदलतो. एखाद्या दिवसाचा ढग कुठे फुटेल हे ठरतं जवळच्या वाऱ्यांवर, अरबी समुद्रातल्या ओलाव्यावर. आणि पाणी घरात किती शिरेल ते नाल्यांवर.

प्रश्न: मी न्हावाशेव्याला क्लिअरिंगच्या धंद्यात आहे. २०२३-२४ला अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला जाणारा माल आठवडे-आठवडे लांबला. पार्टीला आम्ही सांगायचो, पनामा कालव्यात एल निनोमुळे पाणी नाही. बरोबर होतं का?

उत्तर: पनामाचं खरं होतं, पण तुमच्या मालाचं कारण वेगळं असणार.

पनामा कालव्यात जहाजं वर-खाली करायला गाटून तलावाचं गोडं पाणी वापरतात; एका जहाजामागे सुमारे २० कोटी लिटर समुद्रात जातं. पाऊस कमी तर जहाजं कमी. २०२३चा ऑक्टोबर तिथे १९५०पासूनचा सर्वांत कोरडा होता. एरवी दिवसाला ३६च्या आसपास जहाजं जातात, ती २२पर्यंत खाली आणली. रांगेत पुढचा नंबर मिळवायला एका कंपनीने लिलावात जवळजवळ ४० लाख डॉलर मोजले. मला अशा रांगेत नांगर टाकून बसायची सवय आहे. पण एवढे पैसे मोजून रांग मोडल्याचं आमच्या काळी ऐकलं नव्हतं.

मात्र न्हावाशेव्याहून न्यूयॉर्कला जाणारा कंटेनर तोवर सहसा सुएझमार्गे जायचा. नोव्हेंबर २०२३पासून लाल समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि मोठ्या कंपन्यांनी जहाजं आफ्रिकेला वळसा घालून पाठवली. तुमचे आठवडे तिथे गेले. पनामाची झळ चीनहून अमेरिकेच्या पूर्वेला जाणाऱ्यांना जास्त बसली. एल निनोच्या खात्यावर काय काय लिहून टाकतात लोक!

प्रश्न: वाशीच्या मार्केटमध्ये एल निनोची बातमी आली की पाऊस पडायच्या आधीच भाव हलतात. तेलाचं तर नक्कीच. यात खरं किती, हवा किती?

उत्तर: दोन्ही आहे. पामतेलात खरं पुष्कळ. इंडोनेशिया आणि मलेशिया एल निनोत कोरडे पडतात, पण पामच्या झाडावर परिणाम दिसायला सहा महिन्यांपासून दीड-दोन वर्षं लागतात. २०१५च्या एल निनोनंतर मलेशियाचं उत्पादन पडलं ते २०१६ला. आपण निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून आणतो, तेव्हा घाणा इथे असो वा नसो, तिथला दुष्काळ कढईत येतोच. पण बातमी आल्याच्या आठवड्यात भाव चढला तर तो साठ्याचा आणि भीतीचा.

कांद्यात आणखी एक गोष्ट मिसळते: सरकार. २०२३च्या कोरड्या ऑगस्टमध्येच कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागलं, डिसेंबरमध्ये निर्यातच बंद. त्याआधी जुलैत बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात थांबवली होती. पुढे भाव कुठे जाईल याचा अंदाज पॅसिफिकच्या नकाशापेक्षा दिल्लीच्या अधिसूचनेवरून बांधणारा व्यापारी मला जास्त शहाणा वाटतो.

तुमच्यापैकी जुन्या लोकांना बहात्तरचा दुष्काळ आठवत असेल. मिलो, सुकडी, रस्त्यावर खडी फोडायला गेलेली अख्खी घरं. १९७२लाही एल निनो होता, आणि त्याच वर्षी पेरूची अँकोव्ही मासेमारी कोसळली. फिशमील मिळेना म्हणून जगभर जनावरांच्या खाद्यासाठी सोयाबीनवर उड्या पडल्या आणि भाव इतके भडकले की अमेरिकेने जून १९७३मध्ये सोयाबीनची निर्यात काही काळ रोखली. पण आपल्याकडे त्या दुष्काळाचं सगळं ओझं एल निनोवर टाकता येणार नाही. त्याआधीच्या दोन वर्षांतही महाराष्ट्रात पाऊस कमीच होता. विहिरी आधीच तळाला गेल्या होत्या.

प्रश्न: मुलगी बारावी सायन्सला आहे, खारघर. समुद्र-हवामान शिकायचं म्हणते. इथे वाव आहे का, की परदेशीच जायला हवं? (एक पालक)

उत्तर: आधी भौतिकशास्त्र किंवा गणितात पदवी होऊ द्या, या क्षेत्रात बहुतेक जण त्याच दारातून आत येतात. पुढे पुणे विद्यापीठात वातावरणविज्ञानाचं पदव्युत्तर शिक्षण आहे, बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत समुद्र आणि वातावरण यांचं स्वतंत्र केंद्र आहे, आणि संशोधनाला पुण्याची उष्णदेशीय हवामान संस्था, गोव्यात दोनापावल्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, हैदराबादची इन्कॉइस. संगणकावर प्रोग्रॅम लिहिता येणं आता गणिताइतकंच लागतं. तिला समुद्र लागतो का, म्हणजे बोटीवर मळमळतं का, तेही एकदा बघून घ्या. भाऊच्या धक्क्यावरून रेवसची लाँच पावसाळा तोंडावर असताना पकडा. मळमळलं तरी हरकत नाही, आकड्यांचं काम जमिनीवरही भरपूर आहे.